बाहीचं माप

खाली बाबांचं शिलाईचं दुकान, वर दोन खोल्यांचं घर आणि मधे सोळा पायऱ्यांचा लाकडी जिना. बाबा खाली मोठ्या टेबलावर कापड कापायचे, आई वर खिडकीपाशी मशीनवर शिवायची. कापलेले तुकडे एकावर एक रचून, त्यांना चिठ्ठी टाचून बाबा हाक मारायचे आणि भिंगरी ते गाठोडं छातीशी धरून वर पळायची. शिवून झालेला कपडा घेऊन पुन्हा खाली. दिवसाला वीस खेपा झाल्या तरी तिला त्याचं काही वाटत नसे. ही पोर एका जागी ठरत नाही, म्हणून बाबांनीच तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. तिला आता दहावं वर्ष लागलं होतं आणि शाळेच्या पटावरचं नाव घरात कुणाच्या तोंडी नव्हतं.

चिठ्ठी टाचायची पद्धत तिच्या जन्माच्या आधीपासूनची. 'अस्तर राखाडी. खिसे दोन, आत एक. बुधवारी हवा.' एवढंच त्यात असायचं. बाकीचं बोलणं तोंडी. बाबा जिन्याच्या तळाशी उभे राहून वर आवाज द्यायचे, "अगं, या साहेबांचं पोट टेपात मावत नाही, शिवण जरा दया करून सोड," आणि मशीनच्या खडखडाटातून आईचं हसू खाली यायचं.

हे आठ महिन्यांपूर्वीचं.

आठ महिन्यांपूर्वी भिंगरीच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी लांब कोट शिवायला टाकला होता. शाळेला पन्नास वर्षं होणार होती, त्या समारंभासाठी. कापड गर्द हिरवं, लोकरीचं. त्यांच्या वडिलांनी कधीतरी आणून दिलेलं, त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलेलं. बायकांची मापं आई घ्यायची. तिनं माप घेतलं, वहीत लिहिलं, बाबांनी कापलं, आईनं शिवलं. कोट अंगावर चढवायच्या दिवशी मोठ्या बाई दोन शिक्षिकांना घेऊन आल्या. कोट घातला, आणि मनगटाच्या वर दोन इंच हात उघडा राहिला.

मोठ्या बाई त्या उघड्या मनगटाकडे बघत राहिल्या. बाबा म्हणाले, "आमच्या हिनं माप चुकीचं लिहिलं."

आई तिथंच उभी होती. हातात मापांची वही, त्याच पानावर उघडलेली, आणि तिचं बोट एका आकड्यावर. भिंगरी तिच्या कोपराशी होती, तिनं तो आकडा वाचला. बाही, तेवीस. आईनं बाबांकडे पाहिलं. मग वही मिटली, काउंटरवर ठेवली आणि ती जिना चढून वर गेली.

त्या दिवसापासून आई बाबांशी एक शब्द बोलली नाही.

आधी बाबांना वाटलं, राग आहे, दोन दिवसांत उतरेल. मग तेही अडून बसले. तू बोलत नाहीस, तर मी तरी का बोलू. आणि मग न बोलण्याचीच दोघांना सवय झाली. काम मात्र थांबून चालणार नव्हतं. जे सांगायचं ते चिठ्ठीत उतरू लागलं. अस्तर, खिसे, बटणं यांच्या खाली 'मीठ संपलं' असं आईच्या गोल, ठसठशीत अक्षरात, आणि 'आज ताट खालीच पाठव' असं बाबांच्या वाकड्या अक्षरात.

बाबांचं अक्षर पूर्वी वाकडं नव्हतं. वर्षभरात झालं होतं. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. ते कुणाला सांगत नव्हते, हात सतत टेबलावर टेकवून ठेवत किंवा खिशात. त्यांना वाटे, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. भिंगरीला मात्र दिसायचं की वर गाठोडं सोडलं की आई आधी स्वतःची कात्री काढते आणि कापलेल्या तुकड्यांच्या कडा हळूच सारख्या करते. मगच मशीनला बसते. त्याबद्दल आई कधी कुणाला काही बोलली नाही, भिंगरीलाही नाही.

दुकानात आठवड्यातून दोनदा काजं करायला एक बाई यायची. सगळे तिला काजमावशी म्हणत. दाराशी उजेडात बसून हातानं कोटांना काजं करायची आणि तोंडानं दुनियेच्या चौकशा. तिनं महिनाभर हा चिठ्ठ्यांचा कारभार बघितला आणि एक दिवस भिंगरीला जवळ बोलावून म्हणाली, "घरात टपालखातं उघडलंय वाटतं तुमच्या. पोस्टमनला पगार मिळतो की नाही?"

भिंगरी हसली नाही, तेव्हा मावशीनं तिच्या गालाला बोट लावलं. "बरं, पगार राहू दे. पण एक लक्षात ठेव हं बाई, टपाल न्यायचं. फोडायचं नाही."

भिंगरीनं एक नेम धरला होता, तो मात्र मावशीलाही ठाऊक नव्हता. जिना चढताना प्रत्येक पायरीला देवाचं एक नाव. सोळा पायऱ्या, सोळा नावं. एखादी पायरी नावाशिवाय गेली तर पुन्हा तळापासून. हातात कितीही मोठं गाठोडं असो, वरून हाक येवो, खालून ओरडा येवो. मागणं एकच होतं, आईबाबा एकमेकांशी बोलू देत. सकाळी शाळेला जायच्या आधी आणि आल्यावर, आजारी असली तरी, तिनं एकही खेप नावाशिवाय जाऊ दिली नव्हती. आईनं एकदा विचारलं, "मधेच परत खाली का जातेस गं?" तिनं सांगितलं, "काही नाही, विसरले." नेम सांगायचा नसतो एवढं तिला कळत होतं.

पण असे सहा महिने म्हणजे फार होतात. एवढ्याशा मुलीला तर फारच.

एका दुपारी बाबांची चिठ्ठी होती, 'कॉलर पुन्हा लाव. उद्या हवा.' आईनं ही चिठ्ठी वाचली की तिच्या कपाळावर कोणती रेघ उमटणार, ते भिंगरीला आधीच दिसलं. ती आठव्या पायरीवर बसली. पेन्सिल कानामागे होतीच. डाव्या हातात धरून तिनं खाली लिहिलं, 'घाई नाही. दमली असशील.' डाव्या हातानं अक्षर थरथरत आलं, हुबेहूब बाबांसारखं. मग ती तळाशी गेली आणि पहिल्या पायरीपासून नावं घेत वर आली.

आईनं चिठ्ठी वाचली. बराच वेळ वाचली. मग घडी करून बटणांच्या डब्यात ठेवली. एरवी चिठ्ठ्या केरात जात.

त्यानंतर भिंगरीला तो नादच लागला. रोज नाही, पण आठवड्याला एखादी. 'शिवण सुरेख बसली.' 'गिऱ्हाईक खूश होतं.' 'खिडकी लावून घे, वारं आहे.' एकदा तर तिनं उलट्या बाजूनंही धाडस केलं. आईच्या गोल अक्षरात बाबांना लिहिलं, 'जेवायला वर या.' बाबांनी ती चिठ्ठी वाचली, टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला, हात धुतले, केस सारखे केले आणि सोळा पायऱ्या चढून वर आले. आई ताट खाली पाठवायला निघाली होती. दारात बाबा उभे. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, आणि ते ताट पाटावर ठेवून दुसरं घेतलं. तिघं जेवली. वाटीत चमचा लागल्याचा तेवढा आवाज. कुणी बोललं नाही, तरी भिंगरीला त्या दिवशी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पुढचं घडलं ते एका सोमवारी.

शाळेतून आल्यावर ती वर गेली. आईनं एक शिवून झालेला कोट तिच्या हातात दिला. चिठ्ठी नेहमीसारखी खिशावर नव्हती, कॉलरच्या आतून टाचली होती, घडी घालून. आई म्हणाली, "ही त्यांच्या हातातच दे. इकडे तिकडे ठेवू नकोस."

आई असं कधी म्हणायची नाही. भिंगरी आठव्या पायरीवर थांबली. मावशीचं बोलणं तिला आठवलं. तरीही तिनं टाचणी काढली.

'गुरुवारी दादा न्यायला येतोय. मी जाते आहे, परत यायच्या बेतानं नाही. थांब म्हणायचं असेल तर त्याच्या आत म्हणा. चिठ्ठीत लिहिलंत तरी चालेल.'

दादा म्हणजे आईचा भाऊ, भिंगरीचा मामा. तो घरं रंगवायची कामं घ्यायचा, गावाच्या पलीकडच्या टोकाला राहायचा.

भिंगरी चिठ्ठी हातात धरून बसली आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. बाबांनी ही वाचली तर त्यांना राग येईल. ते लिहितील, जा. रागाच्या भरात ते असंच लिहितात, त्या दिवशी दुकानात बोलले तसंच. आणि एकदा 'जा' असं कागदावर आलं की मग काय उरलं. त्यापेक्षा हे त्यांच्यापर्यंत जायलाच नको. आईला उत्तर हवंय ना, उत्तर मिळेल.

तिनं चिठ्ठी कंपासपेटीत, कोनमापकाखाली दडवली. कोट बाबांना नेऊन दिला. मंगळवारी सकाळी बाबांनी वर पाठवलेल्या तुकड्यांच्या चिठ्ठीखाली तिनं डाव्या हातानं एकच शब्द लिहिला, 'थांब.' थोडा विचार करून पुढे आणखी लिहिलं, 'तू गेलीस तर मला करमणार नाही.'

आईनं ती चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. वाचता वाचता ती खाली बसली, मशीनच्या स्टुलावर. भिंगरी दाराशी उभी राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. आई हसेल, उठेल, जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली हाक मारेल, असं तिला वाटत होतं. आईनं चिठ्ठी घडी करून बटणांच्या डब्यात ठेवली. मग तिनं भिंगरीला जवळ ओढलं आणि तिच्या डाव्या हाताची बोटं आपल्या मुठीत घेऊन बसली. पेन्सिलीचा काळा डाग लागला होता तिथं अंगठा फिरवत राहिली.

"दमतेस ना गं तू," एवढंच ती म्हणाली.

भिंगरीला ते नीटसं कळलं नाही. तिला वाटलं, जमलं.

गुरुवारी मामा आला. त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास होता, नखांत पांढरा रंग. त्यानं खाली बाबांना नमस्कार केला, बाबांनी मान हलवली, आणि तो वर गेला. थोड्या वेळानं एक ट्रंक घेऊन खाली आला. मागून आई. हातात पिशवी. दुकानातून जाताना ती टेबलाशी थांबली. बाबा खडूनं रेघ मारत होते, उजवा हात डाव्या हातानं धरून. त्यांनी वर पाहिलं नाही. भाऊ आलाय, दोन दिवस माहेरी जाते आहे, जाऊ दे, असं त्यांना वाटलं. भिंगरीला ते त्यांच्या खांद्यांवरून कळलं. आई तिथं किती वेळ उभी होती, तर टेबलावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण होईतो.

रस्त्यावर आईनं भिंगरीला पोटाशी धरलं. परीक्षा होईपर्यंत इथंच राहायचं, शाळा जवळ पडते, दर रविवारी मामाकडे यायचं, परीक्षा झाली की बघू, असं समजावलं. बाबांना सुई ओवून देत जा, असंही सांगितलं. भिंगरी मान हलवत राहिली. तोंड उघडलं असतं तर कंपासपेटीतलं सगळं बाहेर आलं असतं, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले होते.

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी दुपारी शाळेतून येऊन भिंगरी दुकानात शिरली तर बाबा नव्हते. ते वर होते, आईच्या मशीनपाशी. एक शिवण उसवली होती म्हणून स्वतःच दोन टाके घालायला गेले होते. मशीनचं झाकण उघडं, आणि बाबा आत बघत उभे. खालच्या दोऱ्याची रिळी जिच्यात बसते ती बॉबिनची केस जागेवर नव्हती.

शिवणाऱ्या बाईची बॉबिन केस तिच्या हाताला बसलेली असते. दोन दिवसांसाठी जाणारी बाई ती काढून नेत नाही. बाबा पंचवीस वर्षं या धंद्यात होते, त्यांना ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते तिथंच स्टुलावर बसले. हात लपवायचंही विसरले. गुडघ्यावर तो हात थरथरत राहिला.

"तुझी आई एक शब्द न बोलता गेली," ते म्हणाले. भिंगरीला नव्हे, मशीनला म्हणाल्यासारखे. "एक शब्द तरी लिहायचा."

भिंगरीनं दप्तर काढलं. कंपासपेटी उघडली. कोनमापक बाजूला केला.

बाबांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. कधीची, म्हणून विचारलं. सोमवारची, असं तिनं सांगितलं. आणि मग सगळंच सांगितलं. आठवी पायरी, डावा हात, खिडकी लावून घे, जेवायला वर या, थांब. सांगताना ती मार बसायची वाट बघत होती. बाबांनी तिला कधी मारलं नव्हतं, पण असं तिनं तरी कधी कुठं केलं होतं.

"थांब, असं लिहिलंस," बाबा म्हणाले.

"हो. आणि करमणार नाही, असंही."

बाबांनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. "मी इतकं सरळ लिहू शकलो नसतो," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मापांची वही काढली. मोठ्या बाईंचं पान शोधलं. पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. भिंगरी समोर बसून सुया ओवत होती, चार पांढऱ्या, चार काळ्या, म्हणजे सोमवारपर्यंत पुरतील. पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत बाबांनी लिहिलं, आणि लिहायला त्यांना एका कोटाला अस्तर लागावं इतका वेळ लागला. 'माप बरोबर होतं. कापताना मी चुकलो. सर्वांसमोर तुला बोल लावला, तो खोटा होता.' खाली त्यांनी सही केली, जशी गिऱ्हाइकाच्या पावतीवर करतात.

रविवारी सकाळी दोघं मामाकडे चालत गेली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मामाचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या तळाशी आल्यावर बाबा थांबले. वही तिच्या हातात दिली.

"तू जा वर. मी इथं आहे."

"तुम्ही चला ना, बाबा."

"आधी वाचू दे तिला."

भिंगरी वर गेली. इथल्या पायऱ्या तिच्या ओळखीच्या नव्हत्या, दगडी होत्या, बावीस. तरी नावं घेतच गेली. मामा कामावर होता. आई खिडकीपाशी बसून मामाचा फाटका सदरा हातानं शिवत होती. भिंगरीला बघून तिचा चेहरा उजळला, आणि वही बघून पुन्हा झाकोळला. तिनं ते पान वाचलं.

आईनं वही मांडीवर ठेवली आणि हळूच हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते बघवेना.

"डावा हात छान वळायला लागलाय तुझा. सहीसुद्धा शिकलीस."

"हे मी नाही लिहिलं."

आई उठली. पिशवीतून बटणांचा डबा काढला, तो ती बरोबर घेऊन आली होती. झाकण काढलं. आत बटणं नव्हतीच. चिठ्ठ्या होत्या, एकीवर एक, सगळ्या घडी केलेल्या. कॉलर, घाई नाही. शिवण सुरेख बसली. वारं आहे. सगळ्यात वर 'थांब'.

"ह्याही तू नाही लिहिल्यास?"

भिंगरीनं डावा हात पाठीमागे घेतला.

"अक्षर तर अगदी त्यांचंच काढलंस," आई म्हणाली. "पण पहिलीच वाचली आणि मला कळलं. दमली असशील, असं ते लिहिणार नाहीत गं. त्यांना सुचतं, पण हातातून उतरत नाही. वाटलं, लेकरू लिहितंय, लिहू दे. मला वाचायला बरं वाटायचं. पण मंगळवारी मी त्यांच्याच चिठ्ठीची वाट बघत होते, आणि आली तुझी. म्हटलं, झालं. त्यांच्या वाटचं बोलायलाही आता हीच उरली."

"पण हे खरंच बाबांनी लिहिलंय. देवाची शपथ."

आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "बरं," ती म्हणाली. आजारी माणसाला म्हणतात तसं.

भिंगरी वळली आणि दाराबाहेर पडली. बाबांना बोलवायचं, असं तिच्या मनात होतं. बाबांना सांगायचं की आईचा विश्वास बसत नाही. बाबा काहीतरी सांगतील, ते घेऊन पुन्हा वर यायचं. ती अकरा पायऱ्या उतरली, पहिल्या मजल्यावरच्या वळणाशी आली, आणि तिचे पायच निघेनात. खालीही नाही, वरही नाही. ती तिथं भिंतीला टेकून बसली.

वरून आई बाहेर आली. "भिंगरे, काय झालं गं?"

खालून बाबांनी मान वर केली. "काय झालं तिला?"

"बसलीय नुसती," आई म्हणाली.

म्हणाली आणि थबकली. कुणाला म्हणाली, ते तिच्याही लक्षात आलं असावं. पहिल्या मजल्यावरच्या घराचं दार किलकिलं झालं आणि एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र हातात धरून उंबऱ्यात उभे राहिले.

"मी आता काही नेणार नाही," भिंगरी गुडघ्यांत तोंड घालून म्हणाली. "मला नीट नेता येत नाही. आईची सोमवारची चिठ्ठी मी बाबांना दिलीच नाही. मी लपवली. मला वाटलं, बाबा 'जा' म्हणतील."

आईचा हात कठड्यावर होता, तो घट्ट झाला. तिनं खाली पाहिलं, भिंगरीच्या पलीकडे, तळाशी. बाबा दोन पायऱ्या चढून आले होते. मधे परका माणूस उभा आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी एकदा त्या गृहस्थांकडे पाहिलं, आणि उजवा हात खिशातून बाहेर काढला.

"माप बरोबर होतं," ते म्हणाले.

"किती होतं?" आईनं विचारलं.

"तेवीस."

"आणि तुम्ही कितीवर कापलं?"

"एकवीसवर. हात हलला. खडूची रेघ मलाच नीट दिसेना. मग म्हणायला धीर झाला नाही."

"हात हलतो ते मला माहीत होतं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट फार खाली गेला होता, जिन्यात कान देऊन ऐकावा लागत होता. "वर्षभर माहीत होतं. त्या कोटाच्याही कडा मी सारख्या केल्या. दोन इंच मात्र मला वाढवता येईनात, आणि तरी मी बोलले नाही. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, चुकलं. मग मी म्हणाले असते, दोघांचं चुकलं. एवढंच बोलायची मी तयारी करून खाली आले होते."

म्हाताऱ्या गृहस्थांनी दार हळूच लोटून घेतलं.

आई खाली आली. भिंगरीच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "चिठ्ठी दिली असतीस तर काय झालं असतं, हे कुणाला माहीत. तू ते धरून बसू नकोस. हे उसवलंय ते तुझ्यामुळे नाही. ऐकतेस ना? तुझ्यामुळे नाही."

भिंगरी ऐकत होती. आईच्या साडीलाही एवढ्यातच टर्पेंटाइनचा वास येऊ लागला होता.

मग आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा थांबून होते. त्यांना काय ऐकायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिल्यासारखं दिसत होतं, वाचायला चिठ्ठी लागत नव्हती. आईनंही ते वाचलं असणार.

"पुढच्या रविवारी हिला जरा लवकर पाठवा," ती म्हणाली. "जेवायला असू दे."

"पाठवतो," बाबा म्हणाले.

दोघं चालत घरी आली. दुकानाचं दार बाबांनी उघडलं, टेप गळ्यात अडकवला आणि अर्धवट कापलेल्या कापडापाशी जाऊन उभे राहिले. भिंगरी चपला काढून जिना चढू लागली. सवयीनं ओठ हलत होते. एक नाव, दुसरं, तिसरं. आठव्या पायरीवर तिच्या लक्षात आलं की तिनं देवाकडे जे मागितलं होतं ते मिळालं होतं. आईबाबा एकमेकांशी बोलले होते. देवानं त्यात काही कसर ठेवली नव्हती. आठ महिने, दिवसाला वीस खेपा, सोळा सोळा नावं, आणि तिनं मागितलं ते एवढंच. आईनं घर सोडून जाऊ नये, हे मागायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. ते मागावं लागेल, हेच माहीत नव्हतं.

ती उभी राहिली. वर मशीन बंद, खिडकी लावलेली. परत तळाशी जाऊन नव्यानं सुरुवात करावी का, याचा ती विचार करत होती, तेवढ्यात खालून बाबांनी हाक मारली. काळा दोरा संपला होता, आणि ओवून ठेवलेली एक सुई त्यांच्या हातून खाली पडली होती, ती सापडत नव्हती.

"आले, बाबा," ती म्हणाली, आणि सुई शोधायला खाली गेली.